सोलापुरात वसंतातली रानफुलं बघायला पायी कुठे जावं?

पुणेरी_पाऊल | २२ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. नोकरीमुळे नोव्हेंबरात सोलापुरात राहायला आले. पुण्यात असताना रविवारची टेकडी कधी चुकली नाही आणि सप्टेंबरात कासची फेरी ठरलेली. आता वसंत लागतोय तर इथे पायी कुठे फिरता येईल? मला रानफुलं बघायची आहेत. बागेतली, कुंडीतली नकोत, इथल्या मातीतली हवीत. ऑफिसात विचारलं तर एक जण म्हणाले, "इथं फुलं नाही, ऊन फुलतं." खरंच काहीच नसतं का?

एकटी किंवा एका मैत्रिणीबरोबर जाईन. गाडी दुचाकी. पाच-सहा किलोमीटर आरामात चालते.

हुरडा_पार्टी | २२ फेब्रुवारी, रात्री ९:५८

ताई, तुम्ही एक तर महिनाभर उशिरा आलाव नाही तर सहा महिने लवकर. हुरडा संपला, पाऊस लांब हाय. मधल्या काळात सोलापूरकर फक्त सावली शोधतो. 😄

भाकरी_कडक | २२ फेब्रुवारी, रात्री १०:१५

कास डोक्यातून काढा आधी. तसा गालिचा इथे वसंतात सोडाच, कधीच मिळत नाही. सकाळी सिद्धेश्वर वनविहारात चक्कर मारा, विजापूर रोडला. सुरुवातीला तेवढं पुरे.

माळावरचा_माळकरी | २३ फेब्रुवारी, सकाळी ६:२०

ऑफिसातल्या त्या गृहस्थांचं अर्धं बरोबर आहे. मी पंचवीसेक वर्षं या माळांवर फिरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरातला, त्यातला सर्वात मोठा वाटा सप्टेंबरात. माळावरची जमीन म्हणजे वीतभर मुरूम, खाली कातळ. दिवाळीपर्यंत त्यातली ओल जाते. त्यामुळे जी लहान झुडपं-रोपं ओलीवर जगतात, विष्णुक्रांता, केना वगैरे, त्यांचा सगळा संसार ऑगस्ट ते ऑक्टोबरात आटोपतो. फेब्रुवारीत माळावर जाल तर कुसळी गवत वाळून सोन्यासारखं झालेलं असतं आणि कुसळं मोज्यात घुसतात. खाली बघून फुलं शोधली तर हात हलवत परत याल.

म्हणून वसंतात मान वर करायची. ज्यांची मुळं खोल, त्यांना वरच्या ओलीची पर्वा नसते. पळस, पांगारा, काटेसावर हे ऐन कोरड्यात फुलतात आणि तेही पानं झाडून टाकून. पानंच नसली की फूल लांबून दिसतं, पाखरांना वाट सापडते. शिवाय आत्ता फुललं की मे-जूनपर्यंत बी तयार, म्हणजे पहिल्या पावसाला ते जमिनीवर हजर. "पळसाला पाने तीनच" म्हणतात, पण मार्चमध्ये या, ती तीनही नसतात.

दुसरी मंडळी काट्यांची. नेपती, वाघाटी, हिंगणबेट, काटेरिंगणी. यांना कुणी फूलझाड म्हणतच नाही, म्हणून कुणाला दिसतही नाहीत. नेपती तर बिनपानांची हिरव्या काड्यांची जाळी असते. गुरंसुद्धा तिच्या वाटेला फारशी जात नाहीत. तिला फेब्रुवारी-मार्चमध्ये विटकरी लाल फुलं येतात, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं की काटेरी कुंपणावर कुणी चिंध्या अडकवल्यात.

चालायची वाट विचारलीत. पाटी लावलेली "ट्रेल" इथे नाही. बार्शी रस्त्याला नान्नजकडे वीस-बावीस किलोमीटर जा. अभयारण्याच्या हद्दीत शिरायचं असेल तर वनखात्याच्या गेटवर विचारून, परवानगी घेऊनच. नाही तर अलीकडच्या गावांमधल्या गाडीवाटा आहेत, बांधाबांधाने जाणाऱ्या. त्याच वाटांवर काटेरी कुंपणं आहेत आणि कुंपणांतच फुलं आहेत. साडेसहाला सुरुवात, साडेनऊला परत. त्यानंतर माळ तुम्हाला ठेवून घेत नाही.

हुरडा_पार्टी | २३ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

काका, सकाळी सहाला उठून एवढं लिहिलाव? 🙏 चहा तरी घेतलाव का?

वनस्पतीवेडी | २३ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

माळकरी काकांच्या पोस्टला एक पुरवणी. पुणेरी ताईंनी "इथल्या मातीतली" असा शब्द वापरला तो मला आवडला, कारण इथे वसंतात जे डोळ्यांत भरतं त्यातलं निम्मं इथलं नाहीच.

पिवळा धोत्रा म्हणजे रस्त्याकडेला काटेरी पानांचं, पिवळ्या कागदी फुलांचं जे झाड दिसतं ते. मूळचा मेक्सिकोकडचा. घाणेरी, म्हणजे टणटणी, अमेरिकेची. गुलमोहर मादागास्करचा. नीलमोहर दक्षिण अमेरिकेचा. वेडी बाभूळही तिकडचीच. आणि गाजरगवत १९५०च्या दशकात आपल्या देशात पहिल्यांदा नजरेस आलं ते पुण्यात, तेव्हा ताई, तो हिशेब तुमच्याकडे. 😊

आत्ता सर्वात जास्त फसवणारं झाड म्हणजे गिरिपुष्प. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळून सगळी फांदी फिकट गुलाबी फुलांनी भरते. लोक खाली उभे राहून फोटो काढतात, "सोलापूरची चेरी ब्लॉसम" म्हणून टाकतात. तेही मध्य अमेरिकेचं. त्याच्या बिया-साली उंदरांना विषारी, म्हणून त्याला उंदीरमारी पण म्हणतात.

तुळजापूर_नाका | २३ फेब्रुवारी, दुपारी १:१०

म्हणजे आता फुलाचंही आधार कार्ड बघायचं का? सुंदर दिसतंय तर बघा की. गिरिपुष्पाने कुणाचं काय वाकडं केलंय? शेतकरी त्याचा पाला हिरवळीच्या खताला वापरतात. माझ्या स्वतःच्या बांधावर वीस झाडं आहेत.

वनस्पतीवेडी | २३ फेब्रुवारी, दुपारी १:४५

बांधावर लावा, पाला जमिनीत घाला, काहीच म्हणणं नाही. मी माळाबद्दल बोलतेय. गवताळ माळाला "पडीक" समजून तिथे झाडं लावायची आपल्याला मोठी हौस. गिरिपुष्प दाट झालं की खालचं पवन्या, मारवेल ही गवतं जातात, आणि गवताबरोबर त्यातली पावसाळी फुलंही. काळवीट आणि धाविक, चंडोल हे पक्षी, यांना मोकळा माळ लागतो, झाडी नाही. माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं ते मोकळ्या माळासाठीच.

तुळजापूर_नाका | २३ फेब्रुवारी, दुपारी २:००

अभयारण्याचं नका काढू. सुरुवातीला ८४९६ चौरस किलोमीटर म्हणजे तालुकेच्या तालुके त्यात होते, आमच्या घराची खरेदी-विक्री अडायची. नंतर १२२२ वर आणलं तेव्हा लोकांनी श्वास घेतला. माळढोक कुठे दिसतोय आता, सांगा.

माळावरचा_माळकरी | २३ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

दोघांचंही खरं. एवढी मोठी हद्द कागदावर आखली आणि माळ मात्र तुकड्या-तुकड्यांनी गेला. माळढोक दिसणं आता नशिबाची गोष्ट. पण त्याचं भांडण फुलांच्या धाग्यावर नको. नाका भाऊ, तुमच्या बांधावर गिरिपुष्पाशेजारी एखादा जुना पळस असेल तर ताईंना पत्ता द्या. बसून फोटो काढायला बांध कुणाचाही चालतो.

तुळजापूर_नाका | २३ फेब्रुवारी, दुपारी ४:५२

आहे एक. आजोबांच्या वेळचा. पत्रावळीला पानं तिथूनच यायची. निरोप पाठवतो. होळीच्या आधी या, नंतर पोरं रंगपंचमीसाठी सगळी फुलं तोडून पाण्यात भिजवतात.

पूर्वभाग | २४ फेब्रुवारी, रात्री ११:१५

तुम्ही सगळे माळावर चाललात, मी आपला गल्लीतलं सांगतो. कडुलिंबाचं फूल कुणी मोजतच नाही का?

आमचं तेलुगू घर, पूर्व भागात. आजोबा हातमागावर, वडील यंत्रमागावर. उगादीला, म्हणजे आमच्या पाडव्याला, पच्चडी लागते आणि पच्चडीला लिंबाची फुलं लागतात. बाजारात मिळतात, पण आई मानत नाही. आदल्या रात्री ती आणि शेजारच्या दोघी गल्लीतल्या लिंबाखाली जुनी चादर अंथरतात. चादर सोलापुरीच, दोन्ही बाजूंनी विरलेली. चार कोपऱ्यांवर विटांचे तुकडे ठेवतात. पहाटे चादरीवर साखर सांडल्यासारखं पांढरं दिसतं. मग ती बसून निवडते. मुंग्या बाजूला, काड्या बाजूला, पिवळी पडलेली फुलं बाजूला. तळहातावर घेऊन फुंकर मारते. जे उडतं ते देठ, जे राहतं ते फूल. एवढ्या खटाटोपातून मूठभर निघतं. त्यात कैरी, गूळ, चिंच, तिखट, मीठ. कडू लागतं ते फक्त शेवटी, गिळल्यावर.

मराठी शेजारी पाडव्याला पाल्याबरोबर फुलं वाटतात, तेही याच झाडाचं. तर ताई, नान्नजला जा, पण मार्चच्या शेवटी रात्री नऊनंतर आमच्या गल्लीतून पण चालत जा. मधासारखा वास येतो. दिवसा येत नाही, म्हणजे दिवसा डिझेलचाच येतो.

वनस्पतीवेडी | २५ फेब्रुवारी, सकाळी ८:००

पूर्वभाग, हे फार सुंदर लिहिलंत. आणि तुमच्या त्या लिंबावर बघा, वरून दोऱ्यांसारखी मुळं लोंबत असतील तर ती गुळवेल आहे. तिलाही याच दिवसांत, पानं झडलेली असताना, बारीक पिवळट-हिरवे तुरे येतात. लोक काढ्यासाठी तिचं खोड छाटून नेतात, पण तिचं फूल पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय.

भाकरी_कडक | २५ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

चला, वनविहारावरून गल्लीपर्यंत आलो. पुढच्या वर्षी बाल्कनी.

पुणेरी_पाऊल | ९ मार्च, रात्री ८:३०

मंडळी, जाऊन आले! लांबलचक लिहितेय, माफी आधीच मागते.

गेल्या रविवारी वनविहारात सराव केला. करंजाला नुकती पालवी फुटत होती, बाकी फार काही नाही, पण रोज फिरणाऱ्या आजी-आजोबांशी ओळख झाली. एका आजींनी विचारलं, "झाडाकडं बघून काय मोजूलालीस?" शेजारच्या स्मृती उद्यानातही एक फेरी मारली.

आज खरी मोहीम. नाका भाऊंच्या पळसापाशी पावणेसातला पोचलो, मी आणि मैत्रीण. उजाडलं होतं पण ऊन आलं नव्हतं, आणि झाड आधी काळंच दिसलं. जवळ गेल्यावर कळलं की काळ्या आहेत त्या कळ्या. प्रत्येक कळीला गडद तपकिरी मखमल. बोटाने अगदी उंदराच्या पाठीसारखी लागते. (मी उंदराच्या पाठीला कधी हात लावलेला नाही, पण लावला तर तशीच लागेल.) त्या मखमली पेल्यातून केशरी फूल बाहेर येतं. एक पाकळी मागे वळलेली, दोन बाजूंना, आणि मधली चोचीसारखी वाकडी. मैत्रीण म्हणाली, "पोपट आहे." संस्कृतात त्याला किंशुक का म्हणतात ते तिथे उभं राहून कळलं: "हा पोपट तर नव्हे?"

खाली पडलेलं एक फूल उचलून पेल्याच्या तळाशी जीभ लावली. गोड! अगदी एक थेंब. तेवढ्या थेंबासाठी झाडावर साळुंक्यांची हाणामारी चालली होती. एक शिंजीर पक्षी मात्र शहाणा. तो टोकाच्या फांदीवर बसून सावकाश एकेक फूल संपवत होता आणि त्याच्या कपाळाला पिवळे परागकण लागलेले. सात-सव्वासातला ऊन आलं आणि झाड एकदम पेटलं. फोटो पंधरा काढले, एकातही तो रंग नाही.

नाका भाऊंच्या आईंनी चहा दिला, बरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली. गिरिपुष्पही पाहिलं. वनस्पतीवेडी ताई, खरं सांगू का, छान दिसतं. पण पळसावर जो गलका होता तो तिथे नव्हता. दोन-तीन मधमाश्या, बस्स. तुम्ही सांगितलं नसतं तर हे लक्षात आलं नसतं.

तिथून बार्शी रस्त्याला आलो आणि माळकरी काकांनी सांगितलेल्या गाडीवाटेला लागलो. नेपती सापडली! चिंध्या हे वर्णन एकदम बरोबर. जवळून फुलात लांबलांब पुंकेसर, मांजराच्या मिशांसारखे.

आणि मग पंक्चर. गाडीला एक आणि मैत्रिणीच्या चपलेला एक, दोन्ही वेड्या बाभळीच्या काट्याचे. तीन किलोमीटर गाडी ढकलत. साडेनऊ, पावणेदहा, दहा. "माळ तुम्हाला ठेवून घेत नाही" हे वाक्य तेव्हा आठवलं. पाणी एकच बाटली होती. एका मेंढपाळ काकांनी त्यांच्या घागरीतून दिलं आणि वर विचारलं, "गाडी असून ढकलता का?"

ढकलताना एकच फायदा झाला. नजर खाली होती, त्यामुळे वाटेच्या मधोमध जमिनीला चिकटलेलं एक काटेरी रोप दिसलं. पानावर काटे, देठावर काटे, पानाच्या शिरेवरसुद्धा पिवळे काटे. आणि मध्ये एकच जांभळं फूल, चांदणीसारखं, मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा सुळका. फोटो जोडलाय. काय आहे हे?

माळावरचा_माळकरी | ९ मार्च, रात्री ९:०५

काटेरिंगणी. भुईरिंगणी पण म्हणतात. वांग्याची सख्खी चुलत बहीण, फूल बघितलंत तर वांग्याचंच वाटेल. फळ गोटीएवढं, आधी हिरव्यावर पांढरे पट्टे, पिकल्यावर पिवळं. आयुर्वेदातल्या दशमुळांत हिचं नाव आहे. सगळं माळ वाळलेलं असताना ही ताजी हिरवी कशी, हे मलाही फार वर्षं कोडं होतं. एकदा उपटायचा प्रयत्न केला तेव्हा मूळ काही संपेना.

म्हणजे मी "खाली बघू नका" म्हटलं ते चुकलंच. दुरुस्ती करतो: पंक्चर झाली तर खाली बघा.

पाणी मात्र माणशी दोन लिटर. आणि चप्पल? माळावर चप्पल? जाड तळव्याचे बूट. सराट्यांचा हंगाम गेला म्हणून बाभळीचा काटा काही सुट्टीवर जात नाही.

हुरडा_पार्टी | ९ मार्च, रात्री ९:११

मेंढपाळाचा प्रश्न बरोबर होता पण. 😂

वनस्पतीवेडी | १० मार्च, सकाळी ७:५०

ताई, गलका आणि दोन मधमाश्या, हे निरीक्षण मला वर्गात सांगायला द्या. पळसाचं फूल पाखरांच्या चोचीच्या मापाचं झालंय. पाखरू थेंबासाठी चोच घालतं आणि परागकण कपाळावर घेऊन पुढच्या झाडावर जातं. तुम्ही पाहिलेल्या शिंजिराचं पिवळं कपाळ म्हणजे तोच व्यवहार.

एक धोक्याची सूचना सगळ्यांना. फुललेल्या मोठ्या झाडाखाली जाण्याआधी वर बघा. आग्या मोहोळ असेल तर दुरूनच परत फिरा. अत्तर, डिओ लावून जाऊ नका, खाली शेकोटी-सिगारेट तर अजिबात नको. माझ्या गटातल्या एका मुलाला काटेसावरीखाली चौदा ठिकाणी चावल्या होत्या. काटेसावर बघायला गेलो आणि दवाखाना बघून आलो.

उघडा_माळ | १० मार्च, दुपारी १२:४०

मी पहिल्यांदाच लिहितोय. गाडीवाट सोडून माळात आत जाणाऱ्यांना विनंती. मार्चपासून माळटिटवी, धाविक यांची अंडी जमिनीवर असतात. घरटं म्हणजे चार खडे. अंडी खड्यांच्याच रंगाची, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली की ती तुमचा फोटो काढायला आलेली नसते. आल्या पावली परत फिरायचं. फुलापायी अंडं फुटू नये.

आणि वाळल्या गवतात काडी टाकणारे महाभाग दिसले तर हटका. "जाळलं की नवं गवत चांगलं येतं" हे ऐकून ऐकून कान किटले. घरटीही जळतात, रोपंही जळतात.

पुणेरी_पाऊल | १० मार्च, दुपारी १:१५

उघडा माळ, धन्यवाद. वाट सोडली नव्हती, पण आमच्यावरही एक टिटवी ओरडत होती. मला वाटलं गाडीच्या आवाजाने.

पुढच्या रविवारी कुठे?

भाकरी_कडक | १० मार्च, दुपारी १:३०

हिप्परगा. तुळजापूर रस्त्याला, शहराला लागूनच. एकरूख तलाव म्हणतात तो, इंग्रजांच्या काळातला. पाणी मागे हटतं तसा काठ उघडा पडतो. तिथे फुलं किती ते माहीत नाही पण चालायला सपाट आहे आणि पक्षी अजून आहेत.

लांब जायचं तर हत्तरसंग कुडल. भीमा-सीनेचा संगम. फुलांसाठी नाही, शिलालेखासाठी जा. शके ९४० म्हणजे १०१८ सालचा मराठीतला लेख आहे तिथे. बहुमुखी शिवलिंगही आहे. नदीकाठी करंज आहेत, एप्रिलपर्यंत खाली फुलांचा सडा पडतो. झाला तुमचा गालिचा.

तुळजापूर_नाका | १० मार्च, दुपारी २:२०

जंगलच हवं असेल तर बार्शीच्या पुढे येडशीचं रामलिंग. जिल्हा धाराशिव, पण बालाघाटाच्या डोंगराला जिल्हा कळत नाही. पानगळीचं जंगल, पळस भरपूर, दरीत देऊळ. माकडांपासून पिशवी सांभाळा. येडशीला रेल्वे पण जाते, म्हणजे पंक्चरची भीती नाही. 😉

पुणेरी_पाऊल | २० एप्रिल, संध्याकाळी ७:१०

बऱ्याच दिवसांनी आले. रामलिंग झालं, कुडल झालं, पूर्वभागच्या गल्लीतही रात्री जाऊन आले. (वास येतो. खरंच येतो. मैत्रीण म्हणे आधी वाटलं कुणाच्या घरी काकवी आटवतायत.) आता पारा चाळिशीच्या वर गेलाय, सातलाच घामाच्या धारा. म्हणून फिरणं बंद करायच्या विचारात होते.

तर आज दूध आणायला जाताना कॉलनीच्या कोपऱ्यावर बहावा! कालपर्यंत काडीवर काळ्या शेंगा लटकत होत्या. आज त्याच झाडावर दोन-तीन पिवळी झुंबरं. वरचे मोठे कळे उघडलेले, खाली टोकाला अजून हिरवे मणी. चार महिने त्याच झाडाखाली गाडी लावतेय.

आणि दुसरं. गेल्या महिन्यात शेताच्या कुंपणावर एक फूल दिसलं होतं. एकाच वेलीवर काही फुलं पांढरी, काही गुलाबी. एका पाकळीला आधी पिवळा आणि मग तांबडा डाग. काटे आकड्यासारखे वाकलेले, ओढणी अडकली ती सोडवायला पाच मिनिटं गेली. फोटो आज जोडतेय. नाव सांगाल?

माळावरचा_माळकरी | २० एप्रिल, रात्री ८:००

वाघाटी. वाघनखासारखे काटे म्हणून ते नाव. फूल पांढरं उमलतं आणि जुनं होता होता गुलाबी होतं. दोन रंगांची दोन फुलं नव्हेत, एकाच फुलाचे दोन दिवस. ओढणी तिथे अडकली हे बरंच झालं, त्याशिवाय कुणी वाघाटीजवळ पाच मिनिटं थांबत नाही.

बहाव्याचं म्हणाल तर आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणतात, बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस. दर वर्षी खरं होत नाही. तरी मी तारीख लिहून ठेवतो.

तुळजापूर_नाका | २० एप्रिल, रात्री ८:२५

यंदा रंगपंचमीला आमच्या पळसाची खालची फांदी पोरांना तोडू दिली नाही. म्हटलं पुण्याच्या ताई परत येतील. गिरिपुष्प मात्र काढणार नाही, वनस्पतीवेडी मॅडमनी नोंद घ्यावी.

वनस्पतीवेडी | २० एप्रिल, रात्री ८:४०

नोंद घेतली. नवीन लावू नका एवढंच.

पुणेरी_पाऊल | २० एप्रिल, रात्री ८:५५

वाघाटीचं फळ खातात असं आई म्हणत होती. कधी येतं? कुठे मिळेल?

हुरडा_पार्टी | २० एप्रिल, रात्री ९:०२

आता आलाव लाईनीवर. आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला सोडताना वाघाटीची भाजी लागते की. पंढरपुरात बाजारात बाया टोपलीत घेऊन बसतात. चिरून, मीठ लावून, नीट उकळून घ्यायची, नाही तर कडू.

पूर्वभाग | २० एप्रिल, रात्री ९:१०

कडूचं आम्हाला सांगू नका.

पुणेरी_पाऊल | २० एप्रिल, रात्री ९:१४

मग द्वादशीला पंढरपूर. कोण कोण येतंय? पायीच जायचं का?

माळावरचा_माळकरी | २० एप्रिल, रात्री ९:३०

मी येतो. बूट घाला.